पेटीची खोळ

"याइच्यात मरणाचं भेवच नसते म्हणते," शेजारच्या खाटेपाशी बपेरा गावची बाई आपल्या सासूला सांगत होती. "काल गाणे आयकले नाही का तुम्ही? मरण नाही, रडणं नाही, दुखणं नाही. असं रायलं तं बरंच हाय बाप्पा."

सासूला कमी ऐकू येत असावं. तिने विचारलं, "कोनाचं मरण?"

"कोनाचंच नाही म्हणून राहिली ना मी."

मी पाण्याची बाटली भरून वॉर्डाच्या दारापर्यंत आले होते. आत न जाता तिथेच थांबले, बाटलीचं झाकण उघडलं आणि पुन्हा लावलं. कोणी माझ्याबद्दल बोलत असलं की मी हातातली वस्तू अशीच उघडते-लावते. शाळेपासूनची सवय आहे.

'याइच्यात' म्हणजे आमच्यात. आदल्या दुपारी साकोलीहून आमचे पाळक आणि चर्चमधल्या दोन बायका भंडाऱ्याच्या या दवाखान्यात येऊन गेल्या होत्या. आईच्या खाटेभोवती उभं राहून त्यांनी गाणं म्हटलं, प्रार्थना केली. पाळकांचा आवाज आमच्या लहानशा चर्चमध्येही मावत नाही. वॉर्डात तो पार औषधाच्या खिडकीपर्यंत गेला. देव स्वतःच्या हाताने आपले डोळे पुसेल, ते म्हणाले, आणि त्या दिवसानंतर कोणाला पुरावं लागणार नाही. आईने 'आमेन' म्हटलं. मी ओठ हलवले. बाजूच्या खाटेवर बपेऱ्याची म्हातारी होती, तिच्या पायाला प्लास्टर होतं. तिची सून मांडीवरचा लसूण सोलायचं थांबवून आमच्याकडे बघत होती.

आईच्या गर्भपिशवीत गाठ होती आणि आज ऑपरेशन होतं. कशाची गाठ आहे ते काढून तपासल्यावरच कळेल, असं डॉक्टर म्हणाले होते. म्हणताना ते आमच्याकडे नाही, रिपोर्टकडे बघत होते. त्या वाक्यापासून मी घाबरलेली होते. आता बपेऱ्याच्या बाईचं बोलणं ऐकून त्या भीतीवर दुसरी एक भीती येऊन बसली. आपण घाबरलोय हे हिला दिसलं तर? काल एवढ्या मोठ्याने म्हटलेलं सगळं खोटं ठरेल, आणि ते माझ्या चेहऱ्यामुळे.

मी चेहरा नीट केला आणि आत गेले. मावशी आईच्या उशाशी उभी होती. आई नुकतीच अंघोळ करून, दवाखान्याचा हिरवा झगा घालून आडवी झाली होती. तिच्या डोक्याखाली पांढरी, झालरीची खोळ घातलेली उशी होती.

ती खोळ मी ओळखली. बाटली खाली ठेवताना तिचा खाटेच्या लोखंडावर आवाज झाला.

आमच्या चर्चमध्ये कोणी वारलं की पेटी साकोलीतला एक सुतार करून देतो. तो आमच्यातला नाही. खाटा आणि दारं करतो, आणि पेटीही तशीच करतो, पक्की, जड, आतून खरखरीत. ती आतून शिवायचं काम आईचं आहे. एरवी ती शाळांचे गणवेश शिवते. पण निरोप आला की मशीनवरचा निळा कपडा बाजूला होतो आणि पांढरा निघतो. तळाला, बाजूंना, झाकणाला आतून चुण्या घालून, आणि शेवटी एक छोटी उशी. मरण काही दुकान उघडं आहे का ते बघून येत नाही, म्हणून उशीची एक खोळ ती नेहमी शिवून तयार ठेवते. आमच्या घरातल्या लोखंडी पेटीत, पांघरुणांच्या खाली. घरातल्या पेटीला आम्ही पेटी म्हणतो आणि त्या पेटीलाही पेटीच म्हणतो. त्याच्या आधी 'शव' लावायची आमच्या घरात कोणाची हिंमत नाही.

पहिली पेटी तिने शिवली ती बाबांची. मी तिसरीत होते. बाबांचा ताप उतरलाच नाही. मी कपड्याचं दुसरं टोक धरून बसले होते, कारण कोणीतरी धरायला हवं होतं. सगळं शिवून झाल्यावर तिने सुईत दोरा ओवला आणि खोळीच्या कोपऱ्यात, जिथे गाल टेकतो तिथे, एक शब्द घातला. पांढऱ्यावर पांढऱ्या दोऱ्याने. अगदी जवळ गेल्याशिवाय दिसत नाही. 'भेटू'.

हे कशाला, असं मी विचारलं होतं.

"उठल्यावर माणूस बावरते," ती म्हणाली. "आजूबाजूले वळखीचं कोणी नसलं तं? काही तरी वाचायले पाह्यजे."

तेव्हापासून तिच्या प्रत्येक खोळीवर तो शब्द असतो. लोकांना माहीत नाही. माहीत असायची गरजही नाही, असं ती म्हणते, ज्याला वाचायचं आहे तो वाचेल.

आईला ते उठणं, शेवटच्या दिवशी मेलेल्यांचं पुन्हा उठणं, उद्याच्या एसटीइतकं पक्कं दिसतं. थोडी उशिरा येईल, पण येणार. मला ते कधी तसं दिसलं नाही. मी इंग्रजी शाळेत शिकले. तिथे सकाळच्या प्रार्थनेत 'फॉरेव्हर' हा शब्द रोज यायचा. रांगेत उभी राहून मी त्या शब्दाच्या शेवटापर्यंत जायचा प्रयत्न करायचे. शेवट नसायचाच. मरण नाही हे ठीक. पण जे कधीच संपणार नाही, त्यात माणूस सकाळी उठून काय करतो? आणि बाबा? ते तर तिसरीतल्या मुलीला शोधतील. मला ओळखतील कसे? हे मी आईला एकदाच विचारलं, ती बटणं लावत असताना, म्हणजे तिला माझ्याकडे बघावं लागू नये.

"माझी शिलाई वळखतीन ना ते," ती म्हणाली. "तू माझ्या बाजूले उभी राहजो."

माझी सगळी आशा त्या बाजूला उभं राहण्यावर आहे. पाळकांना हे सांगितलं तर त्यांना ते पटणार नाही. पण मला त्या नव्या जगातलं दुसरं काहीच दिसत नाही, ना उजेड, ना गाणारे लोक. फक्त आई दिसते, आणि तिच्या बाजूची एक रिकामी जागा.

आणि आता तीच आई तिने स्वतः शिवलेल्या पेटीच्या उशीवर डोकं ठेवून मावशीकडून वेण्या घालून घेत होती.

मावशी म्हणजे आईची मोठी बहीण, अड्याळची. आईचं माहेर बौद्ध. आई लग्न करून चर्चची झाली. मावशी पौर्णिमेला पांढरं लुगडं नेसून विहारात जाते. दोघी एकमेकींना टोमणे मारतात, तिसऱ्याला मारू देत नाहीत. "तुमच्यात दुःखावर इलाज मेल्यावर हाय," मावशी म्हणते. "आमच्यात आताच हाय. तृष्णा सोडा." आई म्हणते, "पयले चहा सोड." यंदा धानाचं रोवणं आटोपताच मावशी साकोलीला येऊन राहिली होती, आमचं घर आणि कोंबड्या सांभाळायला. चिखलाने तिच्या बोटांना अजून भेगा होत्या. मी 'मले-तुले' न म्हणता 'मला-तुला' म्हणते, म्हणून ती मला मॅडम म्हणते.

हे सगळं झालं ते आदल्या संध्याकाळच्या फोनमुळे.

"मॅडम, दवाखान्यातली उशी वास मारते म्हणत होती ना तुझी माय? इथं पेटीत एक पांढरी खोळ दिसून राहिली. झालरीची. कोरी हाय. कायची वो हे?"

मी नर्सच्या टेबलापाशी होते. आजूबाजूला सगळे आजारी माणसांचे नातेवाईक. तिथे तो शब्द उच्चारायचा कसा? मी तोंडासमोर हात धरला.

"पेटीची आहे ती."

"हो ना. पेटीतच सापडली."

"पेटीतली नाही मावशी. पेटीची."

"तेच तं म्हणून राहिली मी," ती म्हणाली, आणि फोन ठेवला. तिला कळलं, असं मी धरून चालले.

आता ती आईच्या वेण्यांना रबर लावत होती. ऑपरेशनच्या आधी दोन वेण्या घालायला सांगतात. आई शाळेतल्या मुलीसारखी दिसत होती. मी मावशीला खुणेने दाराशी बोलावलं.

"मावशी, ती खोळ काढूया का? टॉवेल आहे माझ्याकडे. तो घालू."

"काहून? मळन म्हणून? मळू दे. खोळ मळासाठीच असते."

"तसं नाही."

"मंग कसं?"

बपेऱ्याची बाई ऐकत होती. ती आता लसूण सोलत नव्हती, नुसतीच बसली होती. मावशीने माझा दंड धरला आणि आवाज खाली आणला.

"त्याच्यावर शिवून हाय काही, पाह्यलं का तू? उन्हात धरून वाचलं मी. 'भेटू'. मोठी हुशार तुझी माय, दवाखान्यासाठीच करून ठेवली. भुलीतून उठल्यावर माणूस बावरते वो. मी नाही का, माझ्या आपरेशनच्या वेळी नर्सले माय म्हणून राहिली होती. हे वाचन तं तिले बरं वाटन."

आईचंच वाक्य होतं ते. बावरते हा शब्दसुद्धा. एका घरात वाढलेल्या दोघी बहिणी, एक बुद्धाची, एक ख्रिस्ताची, आणि झोपेतून उठणाऱ्या माणसाबद्दल दोघींचं म्हणणं एकच. फक्त उठायची जागा वेगळी. यावर मला हसू यायला हवं होतं. पण मला वाटलं, मावशीने नकळत आईला तयार केलंय. अंघोळ झाली, केस विंचरून झाले, उशी दिली. राहिलं काय?

अपशकुन मानायचा नाही, असं आम्हाला लहानपणापासून शिकवलंय. मी मांजर आडवं गेलं तरी थांबत नाही. त्या सकाळी मात्र मला सगळ्यात अपशकुन दिसू लागले. आईच्या खाटेशेजारची बंद पडलेली ट्यूबलाइट. झग्याची तुटलेली नाडी, जिला कोणीतरी गाठ मारली होती. मी व्हरांड्यात जाऊन प्रार्थना केली, मनात. मी मनातली प्रार्थना इंग्रजीत करते. इंग्रजीत भीती दुसऱ्या कोणाची तरी वाटते, आपण फक्त तिच्या वतीने बोलतोय असं वाटतं. पण त्या दिवशी एका वाक्यापुढे मला जाता आलं नाही. प्लीज, प्लीज, एवढंच होत राहिलं. प्लीजच्या पुढे काय मागायचं? जिचा मरणावर विश्वासच नसायला हवा, तिने मरण नको म्हणून मागायचं कसं?

मी परत आले तेव्हा आई कुशीवर वळली होती. तिचा गाल उशीच्या कोपऱ्यावर होता, आणि गालाखाली तिची दोन बोटं. ती बोटं हळूहळू सरकत होती. शिवणारी बाई आहे ती, तिला वाचायला डोळे लागत नाहीत. 'भे'वरून 'टू'वर बोटं गेली आणि थांबली.

मला वाटलं ती ओरडेल. निदान उठून बसेल.

"बाई," ती मावशीला म्हणाली, "हे कुठून आणली?"

"तुझ्या पेटीतून. पोरीले विचारूनच आणली. पेटीची हाय म्हणे."

आईने माझ्याकडे पाहिलं. मग तिचे खांदे हलायला लागले. ती हसत होती. पोट धरून, आवाज न करता, आणि दुखत असणार, कारण मधेच तिने ओठ चावला. मावशीला कळेना. "काय झालं वो? काय झालं?" म्हणत तीही हसू लागली.

"पाहा," बपेऱ्याची बाई सासूला म्हणाली. "आपरेशनले जाऊन राहिली अन् हासून राहिली. म्हणलं नव्हतं का मी?"

मावशी चहा प्यायला खाली गेली. ऑपरेशन आईचं, उपाशी आई, आणि घसा मावशीचा सुकला होता. ती गेल्यावर आईचं हसणं संपलं. तिने माझं मनगट धरलं आणि मला खाली ओढलं. तिच्या तोंडाला उपाशी पोटाचा वास येत होता.

"पेटीची ना वो?" ती कुजबुजली.

मी मान हलवली.

"मी माझ्या हातानं शिवली अन् माझंच डोकं ठेवलं." ती पुन्हा हसणार असं वाटलं, पण हसली नाही. "मले भेव लागून राहिलं, पोरी."

"त्या दिवसाचं नाही. तो दिवस पक्का हाय, तुझे बाबा वाट पाहून राहिले, ते सारं पक्कं हाय. आजचं भेव लागते. त्या भुलीचं. त्या गाठीचं. अन् तू एकटी घरी जाशीन, दाराचं कुलूप उघडशीन, त्याचं." तिने बाजूच्या खाटेकडे डोळ्याने खूण केली. "सांगू नको कोणाले. काल एवढं झालं इथं. पाळक येऊन गेले. हे लोक पाहून राहिले."

म्हणजे तीही. इतकी वर्षं मी तिच्यापासून लपवत होते, आणि तीही माझ्यासारखाच चेहरा नीट करून पडली होती. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. उलट जास्त भीती वाटली. आतापर्यंत निदान एक जण घाबरलेलं नव्हतं. आता खाटेच्या दोन्ही बाजूंना भीतीच होती, आणि मधे ती झालर.

खोळ काढते, मी हळूच म्हणाले.

"राहू दे," आई म्हणाली. "बाईनं मायेनं आणली." बोटं परत त्या शब्दावर नेत म्हणाली, "अन् अक्षर बरं आलं हाय यावर."

तेवढ्यात सिस्टर आली. तिच्यामागे स्ट्रेचर ढकलत एक माणूस. बांगड्या काढल्या का, दात नकली आहेत का, काही खाल्लं का. आई सगळ्याला नाही म्हणत गेली, बांगड्यांनासुद्धा, आणि मग सिस्टरनेच साबण लावून तिच्या काचेच्या बांगड्या उतरवल्या. आईला स्ट्रेचरवर घेतलं. मी उशी उचलून तिच्या डोक्याशी नेली.

"उशी नाही न्यायची आत," सिस्टर म्हणाली.

म्हणून ती माझ्या हातातच राहिली. अजून गरम होती. मी ती छातीशी धरून स्ट्रेचरमागे चालत होते. खालून मावशी धावत आली, पदराने तोंड पुसत. बपेऱ्याची बाईही आमच्या मागे आली. का, ते तिलाच माहीत. दवाखान्यात माणसं अशी एकमेकांच्या मागे जातात, कोणी बोलावत नाही.

ऑपरेशनच्या दाराशी स्ट्रेचर थांबलं. दार आतून उघडायची वाट बघायची होती. आई छताकडे बघत होती. फोटो काढताना हसते तसं ती हसत होती, ओठांच्या कडा जागेवर धरून. चादरीखाली तिची मूठ मला दिसत होती.

"काही नाही होत वो," मावशी म्हणाली. "डोळे मिट अन् उघड, झालं." आणि तिने आईच्या कपाळावर हात ठेवला, भेगा पडलेला.

"याइले नाही सांगा लागत मावशी," बपेऱ्याची बाई म्हणाली. वाईट बुद्धीने नाही. मला तर वाटतं, आदराने. "याइले भेव नसते."

आईचं हसू हललं नाही. मुठीची बोटं तेवढी आणखी आत गेली.

आतून कडी निघाली. मी चर्चमध्येही कधी मोठ्याने प्रार्थना केलेली नाही. माझी पाळी आली की मी मान खाली घालते आणि बाजूची बाई सुरू करते. शाळेत हजेरीला 'प्रेझेंट' म्हणायचे, तेही दुसऱ्यांदा विचारल्यावर. त्या दाराशी कोणी मला काही विचारलं नव्हतं. माणसाने स्ट्रेचरला धक्का दिला, पुढची चाकं उंबऱ्यावर चढली, आणि आईने हसू न सोडता फक्त डोळे माझ्याकडे वळवले. त्या डोळ्यांत आमच्या चर्चमधलं काहीच नव्हतं. कोणीतरी नर्सला माय म्हणावं तसे ते होते.

खोळीचा कोपरा माझ्या अंगठ्याखाली होता. मी बोलले ते एवढ्या मोठ्याने की सिस्टरने वळून पाहिलं, आणि शाळेतली मराठी कुठे गेली कोण जाणे.

"आम्हाले बी लागते भेव. आई, पयले इथं भेटजो. तिथं तं भेटूच."